कुलपांचे वैरी

अमेरिकेहून कुणाचा मुलगा आयपॉड घेऊन आला, की पेढ्यांच्या वासाआधी बापूसाहेब त्या घरी पोचत. यंत्राचं कौतुक करायचं सोडून विचारत, "गाणी आत घातलीस, उत्तम. आता बाहेर काढून दाखव!"

मुलगा गडबडे. बापूसाहेब बाह्या सारून लपवलेलं फोल्डर उघडत. तिथे भीमसेनांचा पुरिया धनाश्री चार इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक नावाखाली दडलेला सापडे. त्याची सुटका झाली की यजमान म्हणत, "आता ऐकूया." तोवर बापूसाहेब चपला घालत असत.

कंपन्यांची पापं त्यांना तोंडपाठ. २००४ मध्ये रिअलनेटवर्क्सने आपल्याकडची गाणी आयपॉडवर वाजवायची युक्ती काढली. ॲपलने त्याच वर्षी ती निकामी केली. मायक्रोसॉफ्टने आधी 'प्लेजफॉरशुअर'चा, म्हणजे 'नक्की वाजणार'चा, शिक्का गावभर वाटला आणि २००६ मध्ये स्वतःचा झून प्लेअर काढला, तर त्यावर नेमकी त्या शिक्क्याची गाणी वाजेनात! झूनवरून मित्राला पाठवलेलं गाणं तीनदा ऐकलं किंवा तीन दिवस उलटले, की बंद. "तीन दिवस!" बापूसाहेब कडाडत, "अहो, सुतकसुद्धा दहा दिवस असतं!"

स्वतःच्या प्लेअरवरचं कंपनीचं सॉफ्टवेअर उडवून त्यांनी रॉकबॉक्स चढवलं होतं. तेव्हापासून तो प्लेअर कुठल्याही कंपनीचं ऐकत नसे, बापूसाहेबांचंही नसे. वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, एखादं गाणं लावा की." बापूसाहेबांनी विचारलं, "कुठल्या फॉरमॅटमधलं?" वहिनींनी रेडिओ लावला.

२००९ च्या जानेवारीत ॲपलने जाहीर केलं, की आपल्या दुकानातल्या सगळ्या गाण्यांची कॉपी रोखणारी कुलपं निघणार. सोसायटीने बापूसाहेबांचं अभिनंदन केलं. त्यांचा चेहरा मात्र मुदतीआधी निवृत्त केल्यासारखा झाला. त्या वर्षी गणपतीत त्यांनी भाषणही केलं नाही.

परवा नातीने मोबाइल पुढे केला. "आजोबा, महिन्याची वर्गणी भरली की हवी ती गाणी. डाउनलोडसुद्धा होतात."

"दुसऱ्या प्लेअरवर नेता येतात?"

"नाही, याच ॲपमध्ये."

"आणि वर्गणी थांबवली तर?"

"मग वाजत नाहीत."

बापूसाहेबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि कितीतरी वर्षांनी प्रसन्न हसले. "आजीला सांग, चहा टाक म्हणावं. जरा वेळ लागेल."