30 सप्टेंबरची विहीर

आमच्या एका मुख्याध्यापक स्नेह्यांच्या शाळेत पाणी आहे. हे विधान आम्ही भाबडेपणाने नव्हे, सरकारी दप्तराच्या आधारे करीत आहो. 'पिण्याचे पाणी उपलब्ध आहे काय?' या प्रश्नापुढे तेथे वर्षानुवर्षे 'होय' अशी नोंद होत आली असून ती खोटी म्हणण्याची कोणाचीही प्राज्ञा नाही. कारण शाळांच्या माहितीची संदर्भतारीख परंपरेने 30 सप्टेंबर, आणि बालाघाटाच्या डोंगरातील विहिरींना सरकारची भीड वर्षातून एकदा पडत असेल, तर ती नेमकी याच सुमारास.

भाद्रपद-आश्विनाच्या संधीवरील हा दिवस मुक्रर करणाऱ्याच्या रसिकतेला आम्ही मनोमन मुजरा करतो. पावसाळा सरत आलेला, विहीर काठोकाठ, आवारात गुडघाभर हिरवळ, आणि दसरा अद्याप व्हावयाचा असल्यामुळे मुलेही गावातच. शास्त्रशुद्ध नियोजनासाठी याहून प्रसन्न मुहूर्त पंचांग चाळूनही मिळाला नसता. पुढे दसरा होतो, दिवाळी होते, मुकादमाची उचल अंगावर असलेले कोयते, म्हणजे ऊसतोडणीची जोडपी, भांडीकुंडी, शेळी आणि लेकरे ट्रॉलीत घालून उसाच्या फडाकडे निघतात, आणि सप्टेंबरात गजबजलेल्या वर्गात पौषात हजेरी घेऊ लागावे, तर एका नावाला 'हजर' आणि पुढील चार नावांना भिंतीचा प्रतिध्वनी, असा प्रकार सुरू होतो. त्यानंतर फाल्गुनात विहीरही मुलांच्या मागोमाग जाते.

आता गंमत अशी, की 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीवर शाळेच्या विकासाचा आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि तो आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निदान तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर, सिद्ध व्हावा अशी नियमांची अपेक्षा आहे. तात्पर्य, ज्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात, त्या समितीतील पालक फडावरच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, चूल पेटवीत असताना, त्यांच्या कोपीतच असलेल्या मुलांच्या उत्कर्षाचा आराखडा, त्या मुलांच्या सप्टेंबरातील संख्येवरून, गावात उरलेल्या मंडळींनी करावयाचा असतो. आमच्या स्नेह्यांनी एकदा त्यात टाकीची मागणी घातली, तेव्हा 'आपल्या शाळेत पाणी उपलब्ध असल्याचे आपणच कळविले आहे' असा त्यांना समर्पक खुलासा मिळाला. खुलाशाची तारीख एप्रिलातली होती आणि तो त्यांनी घागरींच्या रांगेत उभे राहून वाचला.

कोणी म्हणेल, सरकारला ऋतू कळत नाहीत. हा निव्वळ आळ आहे! मराठवाड्यातल्या खरिपाची पैसेवारी पाहा: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. बाजरीच्या कणसाकडे तीनदा पाहावे, पहिल्या नजरेवर विश्वासू नये, मधल्या काळात कीड पडेल, पाऊस ओढ देईल, एवढा विवेक याच राज्याच्या दप्तरात नांदतो. मुलाच्या बाबतीत मात्र नजरअंदाज हाच अंतिम! त्याच तारखेच्या पटावर शिक्षकांची संचमान्यता, त्याच तारखेच्या पाण्यावर सुविधांचा हिशेब. मुलांची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली, असे आजवर कोणी जाहीर केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ती काढलीच जात नाही, मग खाली जाणार कशी?

आमचा खरा राग मात्र तारखेवर नाही. तो शेऱ्याच्या रकान्यासाठी आहे. पूर्वी कोणत्याही तक्त्याच्या उजव्या कडेला, कारकुनाला रूळ ओढताना जागा उरली म्हणून का होईना, 'शेरा' नावाची एक अरुंद पट्टी असे. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब कितीही खाष्ट असोत, त्या पट्टीत 'विहीर चैत्रात आटते', 'मुलगी हुशार, पण धाकट्या भावास सांभाळते' असली वाक्ये लिहिण्यास मास्तरास जागा होती, आणि वाचणाऱ्यास, मनात असो वा नसो, ती वाचावी लागत. आता पडद्यावर 'होय' आणि 'नाही' एवढ्याच दोन चौकटी, शेजारी सक्तीची तांबडी चांदणी, आणि काही कोरे ठेवले तर पुढचे पानच उघडत नाही! जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांवाचून शिक्षकास शिक्षणेतर कामास जुंपू नये, असे तोच शिक्षणहक्क कायदा सांगतो. तरी रात्री अकराला, रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढून, चांदण्या भरीत बसलेला मास्तर कोणते शिक्षण देत असतो, हे एकदा कोणी सांगाल काय? ज्या माणसाला सगळे ठाऊक आहे, त्यालाच तेवढे सांगण्याची सोय ठेवायची नाही, आणि मग त्याच्याच 'होय'वर त्याला खोटे पाडायचे, याला नियोजन म्हणत असतील, तर लबाडीला नवा शब्द शोधावा लागेल.

असो. सुधारणेस हातभार म्हणून, त्या शाळेच्या वतीने, आम्ही आमच्याच वहीच्या समासात रूळ ओढून नोंद करून ठेवीत आहो.

शेरा: विहीर आटली आहे. मुले फडावर गेली आहेत. तपासणीस यावयाचे झाल्यास 30 सप्टेंबरला यावे. त्या दिवशी सर्व हजर असतात.