हलू नका!

आमच्या साडूभाऊंनी गळ्यात दुर्बीण अडकवली की घरातल्या बायका कपाळाला हात लावतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नऊजण चिखलदऱ्याला गेलो. म्हणजे आठजण सहलीला आणि साडूभाऊ रानपिंगळा बघायला.

परतवाडा मागे पडून घाट लागला आणि पहिलं "हलू नका!" आलं. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला. मागच्या सीटवरचा चिवड्याचा डबा पुढच्या सीटवर आला. साडूभाऊ बाहेर बोट दाखवून म्हणाले, "कोतवाल." कोतवाल! तो आमच्या गल्लीतल्या विजेच्या तारेवर रोज बसतो.

भीमकुंडापाशी आम्ही ओळीत उभे राहिलो. "हलू नका!" वाटलं, फोटो काढताहेत. पाच मिनिटं दात दाखवत उभे होतो. कॅमेरा आमच्या डोक्यावरून सागाच्या शेंड्याकडे वळलेला. त्या फोटोत सासूबाईंचा अंबाडा तेवढा आलाय, तोही धूसर. रबडीच्या दुकानात चमचा माझ्या ओठांशी असताना पुन्हा "हलू नका!" मी हललो नाही. रबडी हलली, शर्टावर उतरली.

धाकट्या मेव्हणीच्या लग्नात तर भटजींनी अंतरपाट धरलेला असताना मांडवात हा पुकारा झाला होता, आणि भटजी खरोखर थांबले होते. मुहूर्त टळला, मांडवाच्या बांबूवरचा हळद्या मात्र उडाला नाही. सासूबाईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

रात्री जेवणानंतर रानपिंगळ्याची पोथी. 1884 नंतर हा पक्षी जिवंत कोणाला दिसेना. मधे मायनर्टझागेन नावाचे एक इंग्रज कर्नलसाहेब होऊन गेले. त्यांनी लंडनच्या संग्रहालयातला दुसऱ्याने जमवलेला रानपिंगळा लांबवला, पेंढा उसवून पुन्हा भरला आणि 1914 साली तापीकाठच्या मांडवीला आपणच मारला अशी चिठ्ठी अडकवली. पामेला रासमुसेनबाईंनी ती लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे त्या खानदेशात आल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांच्या चमूला शहाद्याजवळ तो सापडला. 113 वर्षांनी! "एका माणसाची खोटी चिठ्ठी," साडूभाऊ म्हणाले, "आणि शोधणारे भलत्याच रानात." मुलं तोवर घोरत होती.

तिसऱ्या दिवशी सेमाडोहच्या वाटेवर चहाला थांबलो. सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, "जावईबापू, ते समोर बसलंय ते तुमचंच का?"

सागाच्या फांदीवर, भर उन्हात, मूठभर घुबड. आम्ही सगळे आपसूक थिजलो. साडूभाऊ काहीच बोलले नाहीत. दुर्बीण धरलेले हात तेवढे थरथरत होते. मिनिटं गेली, चहावर साय धरली. शेवटी मीच कुजबुजलो, "लिहून टाका की रानपिंगळा. कोण येतंय तपासायला?"

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. माझ्याकडे असं पाहिलं, की कर्नलसाहेब आमच्या गाडीत बसूनच आले असावेत.

"डोक्यावर ठळक ठिपके आहेत. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. हा साधा पिंगळा."

आणि वहीला सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीने तसंच लिहिलं: पिंगळा, 1. वही मी नंतर चोरून चाळली. पहिल्याच पानावर रानपिंगळ्यासाठी एक ओळ आखलेली आहे. तारखेची जागा मोकळी, ठिकाणाची मोकळी. शाई फिकी पडलीय. चौदा वर्षं झाली म्हणे.

येत्या दिवाळीत तोरणमाळ ठरलंय. गाडी मी चालवणार आहे. दोन जागा रिकाम्या आहेत, यायचं असेल त्यांनी या. चिवड्याचं झाकण घट्ट लावा, आणि कृपा करून हलू नका.