मागची दोन की चारही?

महाराष्ट्रात उंद्री एकच नाही, आणि जुनी गाडी विकणारा माणूस जाहिरातीत जिल्हा लिहीलच असं नाही. आमच्या मेहुण्याने कोंढव्यापलीकडची उंद्री धरून 'संध्याकाळी एक चक्कर मारून येऊ' असा बेत केला होता. फोन लावल्यावर कळलं की ही उंद्री बुलढाणा जिल्ह्यातली, चिखली तालुक्यातली. पुण्याहून जवळजवळ चारशे किलोमीटर. शहाण्या माणसाने इथे विषय सोडला असता. मेहुणा म्हणाला, "दाजी, दोन्ही गाड्या एकाच शेडमध्ये बघायला पुन्हा कधी मिळणार?"

दोन्ही म्हणजे एक बीएमडब्ल्यू ३२०डी, मागच्या दोन चाकांवर चालणारी, आणि एक ऑडी ए-फोर क्वाट्रो, तीन लिटर डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी. दोन्ही वापरलेल्या. घ्यायची त्यातली एकच, कारण मेहुण्याचा फ्लॅट अजून हप्त्यांवर आहे.

वाघोलीपासून नगरपर्यंत मागच्या चाकांची बाजू चालली. पुढच्या चाकांनी फक्त वळावं, ढकलायचं काम मागच्यांनी करावं, वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं असावं, मग वळणावर गाडी कशी अंगाला चिकटून येते, वगैरे. एकाच चाकाला ओढायला आणि वळायला लावणं हा म्हणे इंजिनिअरिंगमधला आळस. हे सगळं आम्ही माझ्या वॅगनआरमध्ये बसून बोलत होतो. तिची पुढचीच चाकं ओढतात आणि पुढचीच वळतात. तिच्यासमोर असं बोलू नये असं मला वाटत होतं, कारण अजून बराच पल्ला तिनेच गाठून द्यायचा होता.

नगर सुटलं आणि मेहुण्याने पक्ष बदलला. आता क्वाट्रो. १९८०च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती आली, रॅलीवाले आधी हसले आणि मग सगळ्यांनी चारही चाकांना जोर द्यायला सुरुवात केली. १९८६ साली जाहिरातीसाठी ऑडी १०० फिनलंडमधल्या बर्फाच्या स्की-जंपवर खालून वर चढवली. "उलटी, दाजी! माणसं वरून खाली येतात, ही खालून वर गेली!" आपल्याकडे ए-फोर म्हणून विकल्या गेलेल्या बऱ्याच दोन लिटरच्या डिझेल गाड्या मुळात पुढच्या चाकांच्या होत्या, त्यामुळे मागच्या बिल्ल्यावर भरवसा न ठेवता खाली वाकून मागच्या चाकांना दांडा जातोय का ते बघायचं, हेही त्याने घोकून ठेवलं होतं.

छत्रपती संभाजीनगरात इंधन भरलं. २०१० साली इथल्या मंडळींनी गट करून १५० मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, पासष्ट कोटींच्या आसपास. शेंद्र्याच्या कारखान्यात तर ऑडीची जुळणीही व्हायची. नव्याची हौस फिटली की ते जुना माल म्हणून कुठेतरी जातंच. ते कुठे जातं हे मला त्या दिवशी कळलं.

जालना, देऊळगाव राजा, चिखली करत उंद्रीला पोचलो तेव्हा रात्रभर पडलेला पाऊस नुकताच थांबला होता. रस्त्याला लागून पत्र्याची शेड. मालकाचा मूळ धंदा जेसीबी आणि मुरमाचा, गाड्या जोडधंदा. सोयाबीनचे कट्टे, फवारणीचा पंप आणि एक मोडकं डवरं यांच्या मधोमध दोन जर्मन गाड्या उभ्या. मेहुण्याचे डोळे पाणावले असावेत. किंवा फवारणीच्या औषधाचा वास असेल.

अर्ध्या तासात गाव जमलं. एक धोतरवाले आबा वाकून खाली बघत म्हणाले, "हिच्या पोटाखालून कोंबडं बी जाणार नाई."

मेहुण्याने त्यांना मागच्या चाकांचं तत्त्व समजावायला घेतलं. आबांनी ऐकून घेतलं. "म्हंजे ट्रॅक्टरसारखं. मंग डिक्कीत सोयाबीनचे दोन कट्टे टाका ना. चाकावर वजन पायजे. आमी तं चाकात पाणी भरतो." चारशे किलोमीटर चाललेलं व्याख्यान दोन कट्ट्यांत संपलं.

मग पंक्चरवाला. त्याने डिक्की उघडून आतला गालिचा उचलला, पुन्हा ठेवला. "स्टेपनी?" मेहुणा म्हणाला, हिचे टायर रनफ्लॅट आहेत, हवा गेली तरी ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जाते. पंक्चरवाल्याने मनाशी हिशोब केला. "संभाजीनगर काई ऐंशीत बसत नाई, भाऊ."

आता ट्रायल. डांबरी रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच सुंदर चालल्या, आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण फरक कळला पाहिजे म्हणून मेहुण्याने बीएमडब्ल्यू पांदणीत घातली. काळ्या मातीत पाऊस मुरला की ती फुगते. दोन पावलं टाकली की चपलेला नवा तळ चढतो, चौथ्या पावलाला चपल मागेच राहते. बीएमडब्ल्यू पांदणीच्या तोंडाशीच बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरत टायरच्या खाचा मातीने बुजवत होती, आणि खाचा बुजल्या की टायर म्हणजे नुसतं गुळगुळीत भांडं.

"बघा, म्हणून क्वाट्रो," म्हणत मेहुणा ऑडीत बसला. ती बाजूने पुढे गेली, खरंच गेली, झोकात गेली. चांगली पन्नास पावलं. मग चाकोरीमधल्या उंचवट्यावर तिचं पोट टेकलं आणि चारही चाकं एकजुटीने खड्डा करू लागली. चार चाकांचा खरा फायदा मला तेव्हा दिसला: माणूस जिथून बाहेर काढणं जास्त अवघड, तिथपर्यंत ती नेऊन पोचवते.

"फसली," आबा म्हणाले. आवाजात आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

ट्रॅक्टर आला. पंचेचाळीस एचपीचा, रंग उडालेला. इकडे १८४ आणि पलीकडे जवळपास अडीचशे. ३८० न्यूटन-मीटर, ५०० न्यूटन-मीटर, मेहुण्याचे सगळे आकडे साखळीला बांधून एकामागून एक बाहेर काढण्यात आले. ट्रॅक्टर चालवणारं पोरगं खाली उतरून म्हणालं, "याचे बी मागचेच दोन चाकं चालतेत." मेहुण्याने त्या चाकांकडे पाहिलं. खांद्याएवढी उंच, तिरप्या जाड दातांची, आत पाणी भरलेली. मामला टायरचा होता. जोर कुठल्या चाकाला जातो हा प्रश्न त्या मातीत कुणी विचारतच नव्हतं.

मालकाने डिझेलचे पैसे मागितले. बीएमडब्ल्यूचे दोनशे, ऑडीचे पाचशे; आत जास्त गेली होती ना. यावरून मेहुण्याचा निर्णय झाला. "दाजी, जी कमी आत रुतते ती घ्यायची." मी आतापर्यंत त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं व्यवहारी वाक्य. इसाराचे अकरा हजार दिले, चिठ्ठी झाली, आबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि त्याबद्दल चहा घेतला.

देऊळगाव राजाला थांबलो तेव्हा सासूबाईंचा फोन आला. मेहुण्याने उत्साहाने गाडीचा फोटो पाठवला होता, बाहेरचा आणि आतला. त्यांनी बाहेरचा बघितलाच नव्हता.

"अरे, मागच्या सीटपुढे मधोमध हा एवढा उंचवटा कसला?"

"आई, त्याच्या आतून दांडा जातो. मागच्या चाकांना जोर तिथूनच मिळतो."

"आणि त्या दुसऱ्या गाडीत?"

"तिच्यातही असतो."

"बरं. मग पंढरपूरला जाताना मधे कोण बसणार? गुडघे कानाला लावून?"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी चहा सांगायला उठलो.