चार्लीला लागलीय!

मराठी गृहस्थाच्या गाडीला ब्रेक असतो तो टोलनाका, पोलीस आणि म्हैस या तिघांसाठी. घरच्या माणसांसाठी गाडी थांबवणं म्हणजे त्याला स्वतःचा पराभव वाटतो. वर्षभर ऑफिसात साहेबाने, घरी बायकोने आणि सोसायटीत सेक्रेटरीने अडवलेला हा माणूस एकदा चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागला, की त्याच्या आणि मुक्कामाच्या गावाच्या मध्ये यायची कोणाची हिंमत नसते. ‘दापोली साडेचार तासांत मारली’ हे वाक्य त्याला सोमवारी डबा खाताना उच्चारायचं असतं. समुद्र कसा होता, असं कोणी विचारलंच, तर ‘होता’ एवढंच तो सांगतो.

आमचे भावोजी याच संप्रदायातले. एरवी माणूस कमालीचा लोकशाहीवादी. दुपारी भाजी कोणती करायची यावरही घरात मतदान घेतील. पण हातात स्टिअरिंग आलं की आणीबाणी लागू. ‘जरा थांबायचं का?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘पुढे चांगलं येतंय.’ हे ‘पुढे चांगलं’ नावाचं ठिकाण ताम्हिणी घाटाच्या अलीकडे आहे की माणगावच्या पलीकडे, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही ताईला कळलेलं नाही. बायकांनी त्यावर आपला तोडगा काढून ठेवलाय. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. आपल्याकडे उपासांना तोटा नाही, पण हा निर्जळी उपास कुठल्याच पंचांगात छापलेला नाही आणि तो सोडायला चंद्रोदय नव्हे, स्वच्छ संडास लागतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. रस्ता पुरा होण्याच्या तारखा तेव्हापासून इतक्या जाहीर झाल्या, की आता त्यांचीच दिनदर्शिका काढता येईल. रस्त्याची ही गत, तिथे रस्त्याकडेच्या संडासाची तारीख मागायला कोण जाणार?

अशा या घरात चार्ली आला.

चार्ली जातीने लॅब्राडोर. माई, म्हणजे ताईच्या सासूबाई, त्याला चार्ल्या म्हणतात. बाकी सगळं घर त्याच्याशी इंग्रजीत बोलतं, माई मराठीत बोलतात, आणि तो ऐकतो माईंचंच, कारण पोळी त्यांच्या हातात असते. मे महिन्यात दापोलीला जायचं ठरलं तेव्हा त्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. चिपळूण-खेडपर्यंत रेल्वेने जावं, असं मी सुचवून पाहिलं. पण रेल्वेत कुत्र्याला आपल्याबरोबर बसवायचं तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातला अख्खा कूपे घ्यावा लागतो. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. ‘चार्ली गार्डच्या डब्यात?’ भावोजींचा आवाज कापरा झाला. याच भावोजींनी मला एकदा आरक्षण नसताना कुर्ल्याहून सावंतवाडीपर्यंत संडासाच्या दारात बसवून नेलं होतं. तेव्हा त्यांचा आवाज अगदी खणखणीत होता.

मग चार्लीला प्रवासाआधी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रेबीजच्या लशीची तारीख तपासली, गोचिडांसाठी थेंब दिले आणि सूचना केल्या. निघण्याआधी तीन-चार तास पोटात अन्न नको, उलटी होईल. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. बंद गाडीत एकटा सोडू नका, उन्हात दहा मिनिटांत आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी तापते. एसी चालू ठेवा, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून पाणी पाजा, पाय मोकळे करू द्या. भावोजींनी हे सगळं डायरीत उतरवून घेतलं, शेवटच्या वाक्याखाली तर रेघही मारली. ही रेघ ताईने पाहिली. दर दोन तासांनी गाडी थांबवा, हे ती लग्नापासून सांगत होती. पण तिने कधी फी घेतली नव्हती, तर तिच्या म्हणण्याला वजन यावं कुठून?

पहाटे निघालो. चार्ली खिडकीशी, छातीला पट्टा बांधून. मधल्या उंचवट्यावर माई, कारण मध्ये बसलं की चार्लीला मळमळतं. मी सगळ्यात मागे, बॅगा आणि चार्लीची गादी यांच्या मधल्या फटीत. माझी भाची कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, ‘मामा, प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने वाहनातून नेणं हा १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये.’ मी विचारलं, ‘आणि मामाला नेलं तर?’ तिने बराच वेळ मोबाइलवर शोधलं. तशी तरतूद सापडली नाही. दहा रुपयांचा का होईना, चार्लीला भाव आहे.

पिरंगुट गेलं, पौड गेलं. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तशी माईंची चुळबुळ सुरू झाली. वय सत्तरीपुढचं, साखर, त्यात रक्तदाबाची पाण्याची गोळी. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘अरे, कुठे थांबता येईल का?’ भावोजी म्हणाले, ‘पुढे चांगलं येतंय.’ गाडीत शांतता पसरली. माईंनी एकदा धरणाच्या पाण्याकडे पाहिलं, ते बरं नव्हे म्हणून लगेच नजर वळवली आणि शेजारी घोरत पडलेल्या लॅब्राडोरकडे नेली.

‘चार्ल्या अस्वस्थ वाटतोय रे,’ माई म्हणाल्या. ‘त्याला लागलीय बहुतेक.’

करकचून ब्रेक लागला. भावोजींनी तीस वर्षांत इतक्या तातडीने कोणासाठी गाडी बाजूला घेतल्याचं मला आठवत नाही. समोर बरंसं हॉटेल होतं. चार्लीला हलवून जागं करावं लागलं. तो उतरला, चहूकडे पाहिलं, जांभई दिली आणि सगळ्यांना बरं वाटावं म्हणून एका खांबापाशी पाय वर केला. तोवर माई आणि ताई आत जाऊन आल्यासुद्धा. परत येताना ताईच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती चक्क पाणी पीत होती.

यानंतर ताम्हिणी घाटाने जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नसेल. मराठी कुटुंबाची गाडी वाटेत थांबत होती. दरी छान दिसली की भाची म्हणायची, ‘बाबा, चार्लीला हवा हवीय.’ कणसं भाजल्याचा वास आला की भाचा म्हणायचा, ‘चार्ली बघा कसा हुंगतोय.’ ताईची कंबर अवघडली की चार्लीच्या मागच्या पायाला मुंग्या यायच्या. मलासुद्धा फटीतून बाहेर पडून माणसासारखं उभं राहता आलं. चहासाठी कोणी थांबावं असं मराठी ड्रायव्हरच्या घटनेत नाही, पण कुत्र्याचं पाणी बदलायला थांबलोच आहोत, तर चहा घ्यायला बंदी नाही. चार्ली मात्र हळूहळू वैतागला. घाट उतरेपर्यंत तो उतरायलाच तयार होईना. ‘बघा, किती तुंबलाय बिचारा!’ असं म्हणून भाच्याने त्याला उचलून खाली ठेवला.

आमच्या देवादिकांनाही कुत्रं वर्ज्य नाही. दत्ताच्या पायाशी चार असतात, खंडोबाबरोबर एक असतो. पण कुत्र्याला घेऊन केलेल्या कौटुंबिक सहलीचा सविस्तर वृत्तान्त एकच, तो महाभारताच्या शेवटी. पाच भाऊ, एक बायको आणि मागून आलेलं एक कुत्रं, असे सगळे हिमालयाच्या वाटेला लागले. धर्मराज पुढे. वाटेत द्रौपदी कोसळली. धर्मराज थांबला नाही. सहदेव पडला, नकुल पडला, अर्जुन पडला. धर्मराजाने मागे वळूनही पाहिलं नाही. चालता चालता कोण का पडलं याची कारणं तेवढी सांगितली. शेवटी भीम पडला, त्याने विचारलं, दादा, माझं काय चुकलं? तर म्हणे, तू फार खायचास आणि बढाया मारायचास. निघताना इतका चहा कशाला ढोसलास, असं विचारणारे आमचे भावोजी मला त्या क्षणी थेट चंद्रवंशातले वाटले. आणि पुढे काय होतं? स्वर्गाच्या दारात रथ घेऊन उभा असलेला इंद्र म्हणतो, कुत्र्याला प्रवेश नाही. झालं! भाऊ आणि बायको वाटेत पडली तेव्हा एक पाऊलही न अडलेला धर्मराज तिथे ठाण मांडून बसला. कुत्रं येत नसेल तर मला तुमचा स्वर्गच नको. याला आपण हजारो वर्षं भूतदया म्हणत आलो. द्रौपदीचं म्हणणं काय होतं, ते विचारायला कोणी थांबलं नाही. तिने पडण्याआधी कुत्र्याकडे बोट दाखवून ‘हा दमलाय बहुतेक’ एवढंच म्हटलं असतं, तर सगळेच सदेह पोचले असते.

माणगावच्या बाजारपेठेतल्या कोंडीत गाडी आपोआपच थांबली, तिथे चार्लीची गरज पडली नाही. आंबेतच्या पुलावर सावित्री ओलांडली, मंडणगडला मिसळ खाल्ली. कांदा कुत्र्याला विषासारखा, लसूण आणि बेदाणेही तसेच, म्हणून मिसळीच्या वेळी चार्लीपाशी मी, आणि माझ्या मिसळीच्या वेळी कोणीच नाही, कारण तोवर निघायची वेळ झाली होती. माईंनी शिऱ्यातून बेदाणे आधीच वेचून काढले होते. ‘एवढी वर्षं मला बेदाणे आवडत नाहीत म्हणून सांगतेय,’ ताई पुटपुटली.

चार्लीच्या नावाने काय काय मागता येतं, हे भावोजींना मात्र हर्णैला कळलं. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, समोर सुवर्णदुर्ग. घर कट्टर शाकाहारी. केक अंड्याचा असेल तर तो गॅलरीत कापतात. चार्लीचं चिकनसुद्धा वेगळ्या पातेल्यात शिजतं आणि ते पातेलं वॉशिंग मशीनच्या मागे राहतं. भावोजी सुरमईच्या ढिगापुढे बराच वेळ उभे होते. मग घसा साफ करून म्हणाले, ‘चार्लीला जरा बदल हवा.’ एका लॅब्राडोरसाठी दोन मोठ्या सुरमया आणि किलोभर कोळंबी घेतली. खानावळवाल्या काकूंना त्यांनी बजावलं, ‘कुत्र्यासाठी आहे. पण आलं-लसूण आणि तिखट व्यवस्थित लावा, त्याला सपक चालत नाही. आणि सोबत सोलकढी.’ काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. पुण्याहून अशी पुष्कळ कुत्री त्यांच्याकडे येत असावीत. तळून झाल्यावर भाचीने आठवण करून दिली की लसूण लावलेलं चार्लीला देता येणार नाही. अन्न टाकायचं नाही हा घरचा संस्कार. भावोजींनी तो एकट्याने, दार लावून पाळला. चार्लीला दहीभात मिळाला.

मुक्कामाचं ठिकाण जाहिरातीप्रमाणे श्वानप्रेमी होतं. म्हणजे त्यांचं श्वानावर प्रेम होतं आणि त्या प्रेमाचे रात्रीचे पाचशे रुपये वेगळे होते. वर नियमांचा कागद. कुत्र्याने हिरवळीवर जाऊ नये, तरणतलावाकाठी जाऊ नये, भोजनगृहात येऊ नये, गादीवर चढू नये, रात्री दहानंतर भुंकू नये. शेजारच्या खोलीतल्या मुंबईच्या मंडळींनी दोन वाजेपर्यंत कराओकेवर गाणी म्हटली. त्यांच्यासाठी कागद नव्हता. चार्ली कानावर पंजे ठेवून पलंगाखाली पडून होता. किनाऱ्यावर त्याला नेला तेव्हा गावातल्या चार कुत्र्यांनी त्याची कसून चौकशी केली आणि बाहेरगावचा म्हणून वाळूत यायला मज्जाव केला. तो निमूट गाडीपाशी येऊन बसला. आख्ख्या सहलीत त्याच्या मनासारखी झालेली ही एकच गोष्ट.

परतीला साडेचार तासांच्या जागी साडेआठ तास लागले. सोमवारी डबा खाताना भावोजींनी काय सांगितलं कोण जाणे. घरी मात्र माई नातवाला म्हणत होत्या की इतका सुखाचा प्रवास त्यांनी पंढरपूरच्या वारीनंतर केला नाही. त्या हे आमच्यातच बोलल्या असत्या तर ठीक होतं, पण भजनी मंडळातही बोलल्या.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वाटीभर लोणचं घेऊन आल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग दाराकडे एकदा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. ‘येत्या शनिवारी आम्ही गाडीने गाणगापूरला चाललोय. हे चालवणार आहेत. तुमचा चार्ली मोकळा आहे का हो?’

माईंनी चष्मा लावला, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पान उलटत म्हणाल्या, ‘या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरचे अक्कलकोटला नेतायत. तुम्हाला पुढचा चालेल?’