पट्टेवाले

पुण्यात एरंडवणे, कर्वेनगर किंवा सहकारनगर या भागांत एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकाबाहेर मोटारगाडी पावसात भिजत उभी असलेली, आणि तिच्याकरिता बांधलेल्या गॅरेजचे दार मात्र आतून लावून घेतलेले आढळले, की त्या दारामागे एका विशिष्ट जातीचे गृहस्थ कार्यमग्न आहेत असे खुशाल समजावे. हे गृहस्थ पिंपरी-चिंचवडकडील एखाद्या कारखान्यातून वरिष्ठ अधिकारपदावरून निवृत्त झालेले असतात. नोकरीत त्यांच्या दालनाबाहेर स्टुलावर एक पट्टेवाला बसत असे, आणि यंत्र बिघडले तर त्यांनी घंटा वाजवायची, पट्टेवाल्याने फोरमनला बोलवायचे व फोरमनने हात काळे करायचे, अशी सुविहित परंपरा होती. निवृत्तीनंतर ही सारी उतरंड एका माणसात येऊन विलीन होते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती पडताच, चारधाम यात्रा, गळकी गच्ची आणि नातीच्या नावाची ठेव या तिन्ही न्याय्य मागण्या दप्तरदाखल करून, गृहस्थांनी घरगुती कारखान्यासाठी एक लहानसे मिलिंग मशीन खरेदी केलेले असते.

मूळ संकल्प वाफेचे चालते इंजिन, छोट्या प्रमाणात, स्वहस्ते घडविण्याचा. त्याचे नकाशे तयार आहेत, पितळेचे ठोकळेही आणून ठेवले आहेत. पूर्वतयारी म्हणून गृहिणीने मोदकपात्राच्या झाकणाला एक मूठ करून मागितली, आणि त्या मुठीच्या पहिल्याच कापास यंत्राचा पट्टा घसरला. तेव्हापासून इंजिन मागे पडले, मूठ मागे पडली, आणि पट्टा हेच जीवितकार्य होऊन बसले.

तांत्रिक बाब अशी, की मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते आणि बारा मिलिमीटरच्या हायस्पीड कटरला साध्या पोलादात साडेसहाशेच्या आसपास फेरे पुरतात. ही गती उतरवण्यासाठी पट्टा पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीवर एका पायरीवरून दुसरीवर हलवावा लागतो, आणि गती जितकी खाली आणावी तितकी मोटरच्या बाजूची पायरी लहान होत जाते. लहान पुलीला पट्ट्याचा वेढा कमी पडतो, आणि कटर खोल घातला की जोर मात्र तिथेच अधिक लागतो. म्हणजे पकड ढिली असताना वसुली सर्वांत मोठी, अशी जी अवस्था पूर्वी पुष्कळ कमाविसदारांची होत असे, ती या पट्ट्याची होते. तो किंचाळतो, जळक्या रबराचा दर्प सुटतो, आणि कटर कामात रुतून स्तब्ध उभा राहतो.

"अहो, पट्टा पुन्हा ओरडला वाटतं," असे स्वयंपाकघरातून ऐकू येते.

"ओरडला नाही, घसरला," असे गॅरेजातून उत्तर जाते. "ओरडणे हे लक्षण, घसरणे हा रोग."

रोगाचे निदान करण्यात गृहस्थांचा हातखंडा आहे, आणि निदान जितके रेंगाळेल तितकी त्यांची मुद्रा प्रसन्न होत जाते, हे मी जवळून पाहिले आहे. खाचेच्या पुलीत पट्टा तळाशी टेकत नाही, दोन्ही कडांत पाचर होऊन दाटतो आणि त्या दाटण्यातच त्याची सारी पकड असते. सबब खाचेचा तळ चकाकू लागला तर एक तर पट्टा झिजला वा पुली झिजली, हा त्यांचा पहिला पंचनामा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत किंवा कसे, हे त्यांच्या तोंडांवर दोरा ताणून पाहणे, हा दुसरा. तेलाचा थेंब उडाला तर रबर फुगते, आणि महिनोन्महिने ताणून ठेवलेला पट्टा पुलीचा आकार धरून बसतो व सुरू होताच ठकठक करतो, ही कलमे त्यानंतरची. प्रत्येक निष्कर्ष दिनांकासह वहीत उतरतो, खाली स्वाक्षरी होते. शिक्का तेवढा राहतो, कारण तो कारखान्यात परत करावा लागला.

या वर्गाचे कुलदैवत लक्ष्मणराव किर्लोस्कर. 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने आरंभ करून या पुरुषाने 1910 साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभा केला, त्याच घराण्याची ऑइल इंजिनांची कंपनी 1946 साली खडकीस निघाली, ही सनावळी गृहस्थ तोंडपाठ म्हणतात, आणि तीही बहुधा आपले यंत्र बंद असताना. पूर्वीच्या कारखान्यांत माथ्यावर एकच लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे रुंद पट्टे एकेका यंत्रावर उतरत. पट्टा घसरू लागला की कामगार त्यावर राळेची चिमूट टाकून मोकळा होई. राळेचा हा इतिहास ऐकून एका शेजाऱ्याने तोच उपाय सुचविला, तेव्हा त्याला चामडे आणि रबर यांतील भेदावर जे प्रवचन ऐकावे लागले, त्यानंतर तो गच्चीवरून नमस्कार करतो, खाली उतरत नाही.

पट्ट्याच्या खरेदीसाठी रविवार पेठेतील बोहरी आळीत जावे लागते. गृहस्थ जुना पट्टा कापडी पिशवीत घालून नेतात आणि दुकानदारापुढे त्याची कैफियत आद्योपान्त मांडतात: माथ्याची रुंदी तेरा मिलिमीटर, जाडी आठ, दोन आसांमधील अंतर अमुक, त्यावरून सूत्राने निघणारी लांबी तमुक.

"साहेब, बेल्टचा नंबर बोला," दुकानदार म्हणतो.

नंबर घासून गेलेला असतो. दुकानदार पट्टा बोटांवर घेतो, वर्तुळ एकदा हवेत झुलवतो आणि "ए-चौतीस" म्हणून मोकळा होतो. म्हणजे आतील परीघ चौतीस इंच. सूत्राने मात्र साडेचौतीस सांगितलेले असते, आणि अर्ध्या इंचाचा पट्टा दुकानात नाही. मग गृहस्थ चौतीसही घेतात आणि पस्तीसही घेतात. पहिला चढत नाही, दुसरा घसरतो, आणि गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना लोंबणाऱ्या पट्ट्यांच्या संग्रहात दोघांची रीतसर भर पडते. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातून आणलेले काही पट्टे तर असे आहेत, की ते बसतील असे यंत्र भूतलावर शिल्लक नसावे. पण रबर चांगले आहे, एवढ्या गुणावर त्यांना आश्रय मिळाला आहे.

मोटर तिच्या बैठकीवर किंचित मागे सरकवून ताण वाढवता येतो, हे त्यांना ठाऊक नाही असे नव्हे. परंतु ताण अति झाला तर बेअरिंगवर भार येतो आणि ते अकाली निकामी होते, हेही त्यांना ठाऊक आहे. आणि दोन गोष्टी ठाऊक असलेला मनुष्य एक गोष्ट ठाऊक असलेल्या मनुष्याइतक्या लवकर कामास लागत नाही.

असे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. गृहिणीने एका सकाळी त्यांच्या हाती गव्हाचा डबा देऊन त्यांना कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत पाठविले. हेतू दळणाचाच होता, असे मी तरी मानतो. गिरणीत तीन पट्टे पांढरे शुभ्र होऊन, पिठाच्या धुरळ्यात, कोणताही आवाज न करता चालले होते. गृहस्थ खिळून उभे राहिले. गिरणीवाल्याने त्यांची हकीकत दळण संपेपर्यंत ऐकून घेतली, मग गिरणी थांबवून एका पट्ट्यावर अंगठा दाबून दाखविला आणि म्हणाला, "काका, एवढा दबला पाहिजे. नाही दबला तर मोटर पुढं, जास्त दबला तर मागं. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही."

पुस्तकात तेच लिहिले आहे. फक्त अंगठ्याच्या जागी वजन आणि मोजपट्टी आहे. गृहस्थांनी घरी येऊन मोटर दोन सूत मागे घेतली, पट्टा घसरायचा थांबला, आणि मोदकपात्राची मूठ दुपारच्या चहापूर्वी तयार झाली. गृहिणीने ती झाकणाला बसवून पाहिली, "बरी झाली हो," म्हणाल्या, आणि चतुर्थीला मोदकही झाले.

गृहस्थ त्यानंतर काही दिवस अत्यंत उदास होते. वही कोरी पडू लागली. अखेर एका रविवारी ते दळण नसताना गिरणीत गेले, खिशातून दोरा काढला आणि गिरणीच्या पुल्या एका रेषेत नाहीत असे त्यांनी गिरणीवाल्याच्या निदर्शनास आणून दिले. पुढच्या रविवारी मोजपट्टी आली, त्यापुढच्या रविवारी वही. रांगेतल्या बायकांचे डबे खोळंबू लागले, तेव्हा गिरणीवाल्याने दर्शनी भागी खडूने पाटी लिहिली: "दळण चालू असताना पट्ट्याविषयी चौकशी करू नये."

गृहस्थांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, तीतील अट पूर्णतः वाजवी असल्याचे मान्य केले, आणि गिरणी पाच मिनिटे बंद ठेवावी अशी विनंती केली.