डबा आपला, शिक्षा अस्वलाला

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वल गुन्हेगार कसं बनतं, याची रीत ठरलेली आहे. माणूस जंगलात जातो, चार दिवस पुरेल असा शिधा सोबत नेतो आणि तो उघड्यावर टाकून झोपतो. रात्री अस्वल येतं, खाऊन जातं. सकाळी माणूस तक्रार करतो. मग अस्वलाच्या कानात बिल्ला ठोकतात, गळ्यात पट्टा बांधतात, रबरी गोळ्या झाडतात, लांब नेऊन सोडतात. तिथून ते बहुधा चालत परत येतं, कारण जेवणाचा पत्ता त्याला पाठ झालेला असतो. शेवटी कुठल्याशा कागदावर सही होते आणि त्याला मारून टाकतात. शिधा ज्याचा होता तो माणूस तोवर घरी पोचून फोटो टाकून मोकळा झालेला असतो.

या खटल्यात फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि मुद्देमालाचा मालक, सगळे दोन पायांवरचे. आरोपीला वकील नाही. तरी न्यायाला विलंब होतो अशी ओरड या एका बाबतीत कुणी केलेली नाही.

यलोस्टोनपासून सुरुवात करू. १८७२ साली स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे चुका करण्याचा पहिला मानही त्याचाच. अस्वलांना खाऊ घालायला तिथं १९०२ सालीच बंदी आली होती. बंदी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. पुढे कित्येक वर्षं सरकारी देखरेखीखाली अस्वलांच्या पंगती बसल्या. हॉटेलांतलं खरकटं गाडीत भरून आणायचं, ठरल्या वेळी ठरल्या जागी ओतायचं आणि समोर चढत्या बाकांवर पर्यटक बसवायचे. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याजवळ तर जेवणाची ही सोय फक्त अस्वलांसाठी आहे, अशी पाटी होती. माणसांनी रांगेत घुसू नये म्हणून असावी. घोड्यावर बसलेला वनरक्षक या वेळी प्रेक्षकांना अस्वलांविषयी व्याख्यान देई. पाहुणा हॉटेलातल्या उरल्यासुरल्या मांसात तोंड खुपसून बसलेला आणि वक्ता त्याच्या नैसर्गिक जीवनाबद्दल बोलतोय, हा प्रकार ज्याला सुचला त्याला आपल्याकडे सांस्कृतिक खातं सहज मिळालं असतं.

उद्यानाचे अधीक्षक होरेस ऑलब्राइट यांचं अस्वलांसोबत एका टेबलावर बसलेलं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. पुढे हेच ऑलब्राइट अमेरिकेच्या संपूर्ण राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक झाले. हत्तीला ऊस भरवतानाचे मंत्र्यांचे फोटो पाहून आपण उगाच नाकं मुरडतो.

सरकारी पंगती १९४० च्या दशकात उठल्या, पण उकिरडे उघडेच राहिले आणि रस्त्याकडेची भिक्षा चालूच राहिली. गाड्यांची रांग, काच खाली, बाहेर पाव धरलेला हात, त्या हाताशी अस्वल. पाव संपला की हात उरायचा. १९३१ ते १९६९ या काळात एकट्या यलोस्टोनमध्ये दरवर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांकडून जखमी होत होती. यावरून अस्वलं हिंस्र असतात असा निष्कर्ष लोकांनी काढला. १९५८ साली तर दूरदर्शन संचांवर योगी बेअर अवतरला, सहलीच्या टोपल्या पळवणारा टाय लावलेला गमत्या. सगळ्या देशानं आपल्या मुलांना तो कौतुकानं दाखवला आणि सुटीत मुलांना टोपलीसकट उद्यानात नेलं.

मग १९६७ साल आलं. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये १३ ऑगस्टच्या रात्री, एकमेकींपासून कित्येक मैल दूर असलेल्या दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझली अस्वलांनी दोन मुलींना ठार केलं. दोघी १९ वर्षांच्या. त्यांतल्या एका ठिकाणी, ग्रॅनाइट पार्क शॅलेपाशी, उरलेलं अन्न मागच्या बाजूला टाकलं जाई आणि ते खायला येणारी अस्वलं बघणं हा मुक्कामाला आलेल्यांचा रात्रीचा कार्यक्रम असे. या प्रकारात विनोद नाही, तो शोधतही नाही.

यानंतर सरकार हललं, आणि हललं ते नेहमीप्रमाणे एकदम. १९७० मध्ये यलोस्टोननं नवं धोरण आणलं: खाऊ घालण्यावरची बंदी खरोखर पाळायची, कचरापेट्या अस्वलाला न उघडणाऱ्या बसवायच्या, उकिरडे बंद करायचे. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे दोघे भाऊ तिथल्या ग्रिझलींचा अनेक वर्षं अभ्यास करत होते. त्यांचं म्हणणं, उकिरडे बंद करा, पण हळूहळू. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या पानावर वाढलेला जीव एका हंगामात रानात कसा जाईल? प्रशासनानं त्यांचं ऐकलं नाही. उकिरड्यांवरची अस्वलं भुकेनं तंबूंकडे वळली आणि बरीच मारली गेली. १९७५ साली ग्रिझलीला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालावं लागलं. म्हणजे आधी सरकारनं खाऊ घालून बिघडवलं, मग उपाशी ठेवून सुधारलं, आणि उरलेल्यांना संरक्षण जाहीर केलं. आपल्याकडे एवढं काम करायला किमान तीन खाती लागली असती.

धोरण मात्र योग्य होतं, हेही सांगायला हवं. आज यलोस्टोनमध्ये अस्वलाकडून जखमी होणाऱ्यांचा आकडा वर्षाला सरासरी एकाच्या आसपास आहे. अस्वलं तीच आहेत. फक्त पान वाढणं बंद झालं.

आता कॅलिफोर्नियातलं योसेमिटी. इथं ग्रिझली नाही, काळं अस्वल आहे, आणि या अस्वलानं मोटारविद्येत जे प्रावीण्य मिळवलं त्याला तोड नाही. दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेत नखं अडकवायची आणि मक्याच्या कणसाचं साल सोलावं तशी ती खाली ओढायची. काच आपोआप जाते. मागचं आसन उपटलं की थेट डिकी. १९९८ या एका वर्षात उद्यानात अस्वलांच्या पंधराशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान साडेसहा लाख डॉलरांवर गेलं. आया पिल्लांना ही विद्या शिकवत होत्या. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, आणि निकाल दर रात्री.

शास्त्रज्ञांनी पुढे २००१ ते २००७ या वर्षांत फोडल्या गेलेल्या गाड्यांचा हिशेब मांडला, तेव्हा असं दिसलं की अस्वलांची पहिली पसंती मिनीव्हॅनला होती. एक अंदाज असा की मिनीव्हॅनमध्ये लहान मुलं असतात आणि लहान मुलं सांडतात. शिवाय डबे भरून नेणारी कुटुंबंही त्याच गाडीतून येतात.

मिनीव्हॅन आणि डबे म्हटलं की आपला संबंध आला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून आमच्या नात्यातलं एक कुटुंब मुक्कामी योसेमिटीला गेलं होतं. सोबत सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. तिथं प्रत्येक तंबूच्या जागेला एक पोलादी पेटी दिलेली असते. जे जे खायचं आणि ज्या ज्या वस्तूला वास आहे ते सगळं रात्री त्या पेटीत जायला हवं, गाडीत काही उरता कामा नये. दशम्या, थालीपिठं, लसणाची चटणी, लोणचं, सगळं बाहेर निघालं.

“आई, टूथपेस्टसुद्धा काढायची,” सून म्हणाली.

“टूथपेस्ट खातं अस्वल?”

“खाण्याचं नाही हो, वासानं येतं.”

“मग ह्यांचा बाम?”

“तोही.”

“आणि हिंगाची डबी?”

सून गप्प झाली. हिंगाचं काय करायचं ते उद्यानाच्या पत्रकात दिलेलं नव्हतं. डबी पेटीत गेली. त्यानंतर त्या पेटीत ज्यांचे सॉसेज राहिले असतील त्यांना आमच्या नात्यातर्फे हा छोटासा आहेर.

सासरे खुर्चीत बसून हे पाहत होते. “आम्ही ताडोब्याला राहिलो होतो, तिथं नव्हतं असलं काही,” असं त्यांनी जाहीर केलं. ताडोब्याला ते पक्क्या खोलीत राहिले होते आणि तिथल्या अस्वलाला वाळवी आणि मोहाची फुलं आवडतात, ही गोष्ट सुनेनं मनातच ठेवली. सगळं आवरून झाल्यावर कळलं की चिवड्याची पुडी सासऱ्यांच्या उशाखाली आहे. “रात्री गोळी घेताना तोंडात टाकायला काहीतरी लागतं.”

पुडी काढून घेतली गेली, रुसवा दोन दिवस टिकला, ते सोडून द्या. पण अस्वलं अशाच पुड्यांनी मरतात. दुष्टपणानं कुणी काही करत नाही. एका पुडीनं काय होतंय, असं प्रत्येकाला वाटतं, आणि वर्षभरात येणारे लोक लाखांनी मोजायचे. त्यात शरद ऋतूत अस्वलाला हिवाळी झोपेसाठी चरबी साठवायची असते. तेव्हा ते दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खाऊ शकतं. दिवसभर डोंगर उतरून-चढून बोरं आणि ओकची फळं वेचायची, की एका तंबूत शेंगदाण्याचं लोणी, सॉसेज आणि चिवडा घेऊन बसायचं? यात अस्वलाचा निर्णय चुकीचा आहे असं ज्याला वाटतं, त्यानं आधी स्वतःच्या फोनमधलं जेवण मागवण्याचं अ‍ॅप काढून टाकावं.

कचरापेट्यांची कथा याहून वरची. अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीला झाकणाखाली एक खोबण असते. तीत बोटं घालून आतला खटका दाबायचा, मग झाकण उघडतं. पंजा आत जात नाही, माणसाची बोटं जातात. कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात काही माणसं झाकण ओढून पाहतात, दोन्ही हातांनी ओढतात, पेटीला प्रदक्षिणा घालतात आणि शेवटी पिशवी पेटीच्या शेजारी ठेवून निघून जातात. अत्यंत हुशार अस्वल आणि अत्यंत मठ्ठ पर्यटक यांच्या अकलेच्या हद्दी एकमेकींत घुसलेल्या असतात, म्हणून अशी पेटी बनवणं अवघड, असं एका वनरक्षकाच्या नावावर अमेरिकेत फिरवलं जातं. वनरक्षक कोण ते सापडत नाही. पेटीशेजारची पिशवी कुठंही सापडते.

डोंगरात पायी जाणाऱ्यांनी पूर्वी शिधा झाडाला टांगायची पद्धत होती. योसेमिटीच्या अस्वलांनी दोर चावून तोडले, आणि बारीक फांदीवर आपलं वजन पेलत नसेल तर पिल्लाला वर पाठवलं. मग कडक कवचाचे डबे आले आणि सक्तीचे झाले. त्यांतल्या एका जुन्या प्रकाराचं झाकण नाण्यानं फिरवून उघडावं लागतं. अस्वलाकडे सुटे पैसे नसतात, एवढ्या भरवशावर ती सगळी योजना उभी होती, आणि ती टिकली.

सगळेच भरवसे टिकत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या एडिरॉन्डॅक डोंगरात एक लहानखुरी मादी होती. दोन्ही कानांत पिवळे बिल्ले, म्हणून नाव यलो-यलो. गिर्यारोहकांचा एक नावाजलेला डबा ती दातांनी खटका दाबून उघडू लागली. कंपनीनं झाकणाला दुसरा खटका बसवला. तिनं तोही उघडला. कुठल्याही कारखान्यात तिला गुणवत्ता विभागात घेतलं असतं. २०१२ साली शिकारीच्या हंगामात तिला गोळी लागली.

गुणवत्ता विभाग ही थट्टा नाही. यलोस्टोनच्या वेशीवर वेस्ट यलोस्टोन गावात एक केंद्र आहे. तिथं माणसाच्या अन्नाची चटक लागल्यामुळे रानात राहायला नालायक ठरवलेली ग्रिझली अस्वलं ठेवली आहेत. बाजारात येणारे डबे, शीतपेट्या आणि कचरापेट्या आत खाऊ भरून त्यांच्यापुढे टाकतात. साठ मिनिटं चावून, आपटून, वर उड्या मारूनही डबा शाबूत राहिला तर तो पास. घरफोडीत सजा झालेल्याला कुलपाच्या कारखान्यात तपासनीस नेमण्याचा शहाणपणा जगात इथंच दिसला. पगार खाण्याच्या रूपात, नापास डब्यातून.

टाहो सरोवराकाठचं प्रकरण तर फौजदारी वकिलांनी अभ्यासावं असं. २०२२ साली तिथल्या घरांत घुसणारं एक धिप्पाड अस्वल गाजलं. लोकांनी त्याचं ‘हँक द टँक’ असं नाव ठेवलं, त्याच्या मृत्युदंडाची भाषा सुरू झाली, बातम्या जगभर गेल्या. मग डीएनए तपासला तर घरं फोडणारा एक नव्हता, किमान तीन अस्वलं होती. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये पकडल्यावर हँक निघाली बाई, तीन पिल्लांची आई. तिला कोलोरॅडोतल्या अभयारण्यात पाठवलं. हा सगळा वेळ त्या घरांच्या स्वयंपाकघरांत काय काय उघडं होतं, त्याचा डीएनए कुणी मागितला नाही.

योसेमिटीत १९९९ नंतर संसदेनं पैसे दिले, पोलादी पेट्या वाढल्या, रात्री गस्त सुरू झाली, दंड बसू लागला. घटना १९९८ च्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. संशोधकांनी संग्रहालयात जपलेल्या जुन्या अस्वलांची हाडं आणि केस, आणि नव्या अस्वलांचे केस तपासले. केसांत वर्षभराच्या जेवणाची नोंद उतरलेली असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार अस्वलांच्या आहारातला माणसाच्या अन्नाचा वाटा पुन्हा शंभर वर्षांपूर्वीच्या पातळीवर आला आहे. अस्वल सुधारायला पोलादी पेटी आणि काही वर्षं पुरली. आपल्याकडे घाटात गाडी थांबवून वानरांना वेफर्स भरवणाऱ्या पुण्यवान मंडळींना किती लागतील, याचा अभ्यास अजून कुणी हाती घेतल्याचं ऐकिवात नाही.

या उन्हाळ्यात मुलाकडे जाऊन योसेमिटी बघणार असाल तर एवढंच करा. अंधार पडायच्या आत गाडी पूर्ण रिकामी करा. बाम, साबण, गोळ्यांची डबी, नातवाचे ओले रुमाल, सगळं पेटीत. दंड पाच हजार डॉलरांपर्यंत जाऊ शकतो आणि गाडीही जप्त होऊ शकते. आणि हो, नातवाची गाडीतली खुर्चीसुद्धा काढा. तिच्या फटीत काय आहे ते तुम्हाला माहीत नसेल, अस्वलाला असतं.