तडाजींस अनावृत पत्र

रा. रा. तडाजी, मुक्काम रिसॉर्टच्या तरणतलावाचा तळ, बोर्डी, यांस सा. न. वि. वि.

आपण दर हंगामापूर्वी पांढऱ्या सिमेंटखाली अंतर्धान पावता आणि पाहुणे येताच पुन्हा प्रकट होता. यजमान खापर भूकंपावर फोडतात. ते अगदीच निराधार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची माळ लागली, फेब्रुवारी २०१९च्या आरंभी एक धक्का तर चार रिश्टरच्याही वर गेला, आणि धुंदलवाडीकडच्या लोकांनी ऐन थंडीत तंबूत रात्री काढल्या. (त्यांच्या भिंतींचे तडे झाकायला निळ्या टाइल्स नव्हत्या, हे जाता जाता.) पण भूकंपाची साक्ष काढणाऱ्याने ती पुरती ऐकावी. जमीन हलते म्हणायचे, तर आपण उघडझाप करणारे जिवंत तडे ठरता. जिवंत तड्यात सिमेंट वा इपॉक्सी भरली, तर एक तर ती सुटते, नाहीतर शेजारी नवा तडा जातो. तिथे खाच पाडून पाण्यात टिकणारे लवचीक सीलंटच हवे. आणि भूकंप निर्दोष असेल, तर खरा आरोपी शोधावा: भराव खचला, की किनाऱ्याचे खारे पाणी सळ्यांपर्यंत पोचले? गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. तिच्यावर लिंपण म्हणजे चोराला घरात ठेवून दाराला कडी! भूकंप दोषी असो वा नसो, पांढरे सिमेंट दोन्हीकडून हरते.

आपल्यातून पाणी झिरपते म्हटले, तर यजमान म्हणतील, बोटभर पाणी तर उन्हानेही आटते. मग पायरीवर पाण्याची बादली ठेवा, आतली-बाहेरची पातळी खुणेने नोंदवा आणि चोवीस तासांनी पाहा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर ऊन निर्दोष. दहा बाय पाच मीटरच्या तलावात रोज एक सेंटिमीटर म्हणजे ५०० लिटर, महिन्याला १५,०००. एवढ्यावर चिकूची कलमे जगतील. दुसरा आक्षेप असा, की पाहुणे नसतात त्या पावसाळ्यातच तलाव उपसून काम उरकावे. तेवढे मात्र करू नये. तेव्हा भूजल वर आलेले असते आणि रिकाम्या तलावाला खालून उचलते. आपणांस भावंडे होतील. दिवाळीनंतर विहिरींची पातळी उतरली की बघू. तोवर आपली रुंदी दर महिन्याला मोजून घ्यावी, आणि यजमानांनी पांढऱ्या सिमेंटच्या डब्याचे झाकण उघडू नये.

कळावे,
आपल्या जिवंतपणाविषयी साशंक
एक करदाता